ढोकीचा संगणक

जुन्या वस्तूंचा इतिहास म्हटला म्हणजे आमच्या लोकांची दृष्टि ताम्रपट, नाणीं, किल्ले आणि दप्तरें ह्यांच्यापलीकडे सहसा जात नाहीं. ढोकी गांवाविषयीं कोणी लिहावयास बसला, तर तोही बहुधा ढोकीस न थांबतां शेजारच्या तेरास जाईल. त्यांत त्याचा दोष नाहीं. तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' नामक ग्रीक ग्रंथांत ज्याच्या कापडाचा उल्लेख येतो तें नगर, आणि पुढें गोरोबाकाकांचें गांव. अशा शेजाऱ्यापुढें ढोकीची काय कथा! साखर कारखाना आणि रेल्वेचें स्टेशन एवढ्यावर तिची ओळख संपते. तथापि ह्या खेपेस आम्हांस ढोकीसच थांबावयाचें आहे. कारण ज्या वस्तूची हकीकत सांगावयाची ती तेथील एका माळवदाच्या घरांत आम्हांस सांपडली, आणि तिचें वय पुरतीं पस्तीस वर्षेंही नाहीं.

ती वस्तु म्हणजे एक संगणक. आमचे मामा ढोकीस टंकलेखनाचा वर्ग, लोकांच्या भाषेंत 'टायपिंग', चालवीत असत. त्यांच्यापाशीं प्रथम चार टंकयंत्रें होतीं, दोन इंग्रजी व दोन मराठी. १९९२ सालीं त्यांनीं कर्ज काढून हा संगणक घेतला. मामा जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. घर उतरवून नवें बांधण्याचें ठरलें, तेव्हां भंगारवाला दारांत उभा असतांना मामी आम्हांस म्हणाल्या, "त्येला कापड झाकल्याबिगर तुझे मामा कधी निजले न्हाईत. न्यायचं आसंल तर तू ने, भंगारात नगं." ह्या एका वाक्यामुळें तें यंत्र आमच्या पदरीं पडलें. त्याचें पुढें काय करावयाचें, हें त्या वेळीं आम्हांस ठाऊक नव्हतें. मामेभावानें मात्र एक गोष्ट सांगितली: मामांनीं आपल्या घराण्याचा कुळवृत्तान्त ह्याच यंत्रावर लिहून ठेविला होता, आणि त्याची कागदावरची प्रत कोणापाशींही नव्हती.

ढोकीसारख्या ठिकाणीं मराठी टंकलेखन आलें कसें, हें आधीं सांगितलें पाहिजे. नाहीं तर ह्या यंत्राचें मोल कळावयाचें नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. कचेरीची भाषा उर्दू. मराठी होती ती घरांत, बाजारांत आणि कीर्तनांत. पुण्यास टिळकांनीं छापखान्यासाठीं देवनागरीचे खिळे कमी करण्याचा खटाटोप केला होता, रत्नागिरीस सावरकरांनीं लिपिशुद्धीचा पुरस्कार चालविला होता. पण आमच्या आजोबांस ह्यांपैकीं कशाचीही वार्ता असण्याचें कारण नव्हतें. त्यांच्या लेखीं लिहिणें दोन प्रकारचें, सरकारी कागदाचें उर्दू आणि सावकाराच्या वहीचें मोडी. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झालें, आणि १९६४ सालीं मराठीस राजभाषा ठरविणारा कायदा झाला. कायदा करणें सोपें असतें. तहसिलींतील कागद मराठींत टंकावयाचा तर त्यास यंत्र पाहिजे आणि तें चालविणारा माणूस पाहिजे. मिनिटास तीस व पुढें चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा आणि तिच्या प्रमाणपत्रावर मिळणारी कारकुनी ही जी वाट कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरांस दिसली, ती ह्या गरजेंतून निघाली. मामांच्या वर्गास आसपासच्या खेड्यांतून मुलें येत. कांहीं बार्शी लाईटच्या अडीच फुटी गाडीनें येत. ती गाडी १९११ सालीं लातुरास पोंचली, आणि २००७-०८ च्या सुमारास त्या मार्गाचें रुंदमापी लोहमार्गांत रूपांतर झालें. जुन्या गाडीचा वेग असा होता कीं, मुलें तींत बसल्या बसल्या मांडीवर बोटें आपटून धडा पाठ करीत, असें मामा सांगत.

टंकयंत्र हें मूळचें रोमन लिपीसाठीं घडलेलें. अमेरिकेंत शोल्स ह्या मुद्रकानें त्याची कल्पना सिद्ध केली, आणि १८७३ पासून बंदुका करणाऱ्या रेमिंग्टनच्या कारखान्यांत तें तयार होऊं लागलें. रोमन अक्षरें सव्वीस. लहानमोठीं धरलीं तरी बावन्न. आमच्याकडे स्वर, व्यंजनें, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अर्धीं अक्षरें, रफार आणि शिवाय जोडाक्षरें. आणि यंत्रास कळा सेहेचाळीस, म्हणजे खालचीं-वरचीं मिळून चिन्हें ब्याण्णव. एवढ्या कोंदट जागेंत देवनागरीचा संसार मांडतांना ज्यांनीं डोकें चालविलें त्यांचें आम्हांस खरोखर कौतुक वाटतें. ख, ध, भ, श, ण ह्यांस पुऱ्या अक्षराची कळ दिलीच नाहीं. अर्धें अक्षर उठवावें, मग काना द्यावा, कीं तें पुरें होतें. कांहीं कळा अशा केल्या कीं, त्या दाबल्या तरी कागद पुढें सरकत नाहीं, आणि खूण आधींच्या अक्षरावर जाऊन बसते. मात्र ह्या सोयीची किंमत टंकलेखकास द्यावी लागे. 'किती' लिहावयाचें तर बोट प्रथम वेलांटीवर, मग 'क'वर. 'कर्म' लिहावयाचें तर 'क', 'म' आणि शेवटीं रफार. जीभ एका क्रमानें बोले आणि बोटें दुसऱ्या क्रमानें चालत. स्वातंत्र्यानंतर लौकरच काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखालीं टंकयंत्राच्या कळांचा विचार करण्यासाठीं समिति बसली. १९५५ सालीं गोदरेजनें भारतांत पहिलें टंकयंत्र घडविलें, आणि २००९ पर्यंत तें बनत राहिलें. परंतु बोटांचा तो उलटा क्रम कायमच राहिला. मामांच्या हातीं तो इतका मुरला होता कीं, ते पेनानें लिहितांनासुद्धां वेलांटी आधीं काढीत.

संगणकानें नेमकी हीच गोष्ट बदलली. कानपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेंत देवनागरी लिपीच्या संगणकाचें काम चाललें होतें, आणि १९८३ सालीं दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनांत असें यंत्र लोकांस दाखविण्यांत आलें. १९८८ सालीं पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली, आणि कानपूरचें हें काम तेथें पुढें चाललें. त्यांतून 'जिस्ट' नांवाची एक पाटी बाजारांत आली. सामान्य संगणकाच्या पोटांत ती बसविली म्हणजे इंग्रजीसाठीं केलेले कार्यक्रम देवनागरी दाखवूं लागत. कळांची मांडणीही नवी. ती १९८६ सालीं ठरली, आणि तिचें नांव 'इन्स्क्रिप्ट'. डाव्या हाताकडे स्वर व मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजनें. 'क'च्याच कळेवर वरच्या अंगास 'ख', 'ग'च्या कळेवर 'घ'. ह्यांत वर्णमालेची शिस्त आहे, आणि म्हणूनच एक मांडणी मराठीस, बंगालीस, तमिळास सारखी लागू पडते. येथें 'कि' लिहावयाचें तर 'क' आधीं व वेलांटी मागून. ती डावीकडे नेऊन बसविण्याचें काम यंत्राचें. बोलण्याचा आणि बोटांचा क्रम पुन्हां एक झाला. शास्त्रदृष्ट्या ही सुधारणा निर्विवाद होय. पण ज्यानें वीस वर्षें उलट्या क्रमानें हजारों पानें टंकिलीं, त्या पन्नाशीच्या गृहस्थास ती सुधारणा कशी वाटली असेल, ह्याचा विचार शास्त्रकार करीत नाहींत. मामींच्या सांगण्याप्रमाणें पहिले दोन महिने मामा यंत्रापुढून उठत ते चिडूनच उठत.

आतां दुरुस्तीची हकीकत. जुने संगणक जिवंत करण्याचा छंद जगांत बराच पसरला आहे. सन, सिलिकन ग्राफिक्स ह्या कंपन्यांचीं एके काळीं लाखों रुपयांचीं यंत्रें भंगारांतून आणून त्यांवर वर्षानुवर्षें खपणारे लोक आहेत, आणि आयबीएमच्या स्प्रिंगदार 'मॉडेल एम' कळफलकासाठीं ते चढाओढीनें दाम मोजतात. आम्ही त्या पंथाचे नव्हे. आमचें काम गरजेचें होतें, आणि हातीं मदत होती ती लातूरच्या एका वृद्ध कारागिराची. त्यानें जन्मभर टंकयंत्रें व पुढें संगणक दुरुस्त केले. त्याचा पहिला नियम असा कीं, बंद पडलेल्या यंत्रास एकदम वीज लावूं नये. आम्हीं झांकण काढलें. आंत काळी बारीक काजळी साचली होती. ढोकीच्या लोकांस ती सांगावी लागत नाहीं: गळीत हंगामांत कारखान्याच्या चिमणींतून चिपाडाची जी राख उडते, ती वाळत घातलेल्या धोतरावर पडते तशी ती येथेंही शिरली होती. ती कुंच्यानें झाडली. खरें दुखणें पुढेंच होतें. मुख्य पाटीवर तारखेची आठवण ठेवण्यासाठीं एक लहान बॅटरी डाखलेली असते. ती फुटून तिच्यांतील क्षार बाहेर पडला होता, आणि भोंवतालच्या तांब्याच्या रेघा हिरव्या-निळ्या होऊन खाल्ल्या गेल्या होत्या. त्या काळच्या पुष्कळ पाट्यांवर ही बॅटरी कळफलकाच्या जोडणीच्या अगदीं शेजारीं असे. त्यामुळें ती फुटली कीं पहिला बळी कळफलकाच्या वाटेचा पडतो. येथेंही तसेंच झालें होतें. बॅटरी कापून काढली, क्षार व्हिनेगरनें मारला, मग स्पिरिटानें जागा धुतली, आणि तुटलेल्या रेघांच्या जागीं केसासारख्या तारा भिंगाखालीं एकेक करून जोडल्या. ह्या एका कामास चार दिवस लागले. विजेचा पुरवठा निराळा काढून तपासला, त्यांतील फुगलेले संधारक बदलले, आणि पांचव्या दिवशीं कळ दाबली. पडदा उजळला, यंत्रानें स्मृति मोजली, आणि कळफलक सांपडत नाहीं अशी तक्रार करून तें थांबलें.

म्हणजे बिघाड पाटींत होता तसा कळफलकांतही होता. हा कळफलक एकशें एक कळांचा, दोन किलोच्या घरांत वजनाचा, आणि प्रत्येक कळेखालीं स्वतंत्र यंत्रणा असलेला. अलीकडच्या स्वस्त कळफलकांत सगळ्या कळांखालीं रबराची एकच चादर असते. कळ दाबली कीं ती मऊ मातींत रुतल्यासारखी खालीं जाते. ह्याच्या कळा चेरी ह्या जर्मन कंपनीच्या निळ्या जातीच्या. आंत एक फुलीच्या आकाराचा दांडा, त्याखालीं स्प्रिंग, आणि बाजूस सोन्याचा मुलामा दिलेलें पात्याचें टोंक. कळ चार मिलिमीटर खालीं जाते. पण सुमारें निम्म्या वाटेवर एक बारीकसा ठोका बोटास लागतो, 'टक्' असा आवाज होतो, आणि अक्षर त्याच सुमारास उमटतें. त्यामुळें सराईत बोट तळ गांठीत नाहीं. ठोका लागला कीं उठतें. टंकयंत्रावर बोटास अक्षराच्या आघाताची जी खूण मिळे, तिचा हा वारस म्हणावयास हरकत नाहीं. हा आवाज महाराष्ट्रांत पुष्कळांच्या ओळखीचा आहे. बँकेंत, दुकानाच्या गल्ल्यावर 'टीव्हीएस गोल्ड' नांवाचा जो जाड कळफलक दिसतो, त्यांतही ह्याच जातीच्या कळा असत. आमच्या कारागिरानें त्याचाच लाभ घेतला. मामांच्या कळफलकांतील पांच कळा निकामी ठरल्या होत्या. त्यानें जुन्या बाजारांतून एक मोडका 'गोल्ड' आणला, त्यांतल्या पांच कळा डाखाच्या चिमट्यानें उपसल्या आणि येथें बसविल्या. बाकीच्या कळांचीं टोपणें काढून कोमट साबणाच्या पाण्यांत एक रात्र ठेविलीं. सकाळीं मामींनीं तें भांडें पाहिलें, आणि ही कसली डाळ भिजत घातली म्हणून विचारलें.

बाहेरची पेटी पिवळी पडली होती. हैड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हांत ठेवली म्हणजे असें प्लास्टिक पुन्हां पांढरें होतें. छंदी लोक तें हौसेनें करतात. आम्हीं केलें नाहीं. जेथें मामांचा मनगट टेंके तेथील खरबरीतपणा झिजून गुळगुळीत झाला आहे, आणि तो भाग आम्हांस तसाच पाहिजे होता. टोपणें पुसतांना दुसरी एक गोष्ट ध्यानांत आली. बहुतेक देवनागरी अक्षरें स्पष्ट होतीं, पण उजव्या करंगळीकडची 'ड-ढ'ची कळ मात्र नको तितकी झिजली होती. मराठींत 'ढ' तो किती लागणार! मागाहून मजकूर वाचला तेव्हां उलगडा झाला; प्रत्येक अर्जाच्या डोक्यावर 'मु. पो. ढोकी' होतें.

येथें एखादा वाचक विचारील कीं, मजकूर चकतीवर होता, तर चकती काढून नव्या संगणकास जोडावयाची होती. पाटी आणि कळफलक ह्यांवर एवढा खटाटोप कशास? आमचाही प्रथम तोच समज होता. चकती मध्यंतरीच्या काळांतील एका संगणकास जोडून तिची जशीच्या तशी नक्कल आम्हीं आधींच काढून घेतली होती; मूळ चकतीवर कांहीं लिहावयाचें नाहीं, हा कारागिराचा दुसरा नियम. नक्कल नीट निघाली. फायली दिसल्या, पण आंत अक्षरांच्या जागीं नुसता गोंधळ. कारण असें कीं, संगणक अक्षर सांठवीत नाहीं, अंक सांठवितो. १९९१ च्या भारतीय मानकांत 'क'चा अंक १७९ आहे. आज जगभर चालणाऱ्या युनिकोडांत तो दुसरा आहे, जरी युनिकोडानें देवनागरीचा क्रम ह्याच भारतीय संहितेच्या १९८८ च्या रूपावरून घेतला. एवढेंच असतें तर मानकाचें कोष्टक लावून काम झालें असतें. परंतु जुन्या संगणकांत त्यांतल्या पुष्कळ अंकांच्या जागीं चौकटी व रेघा काढण्याचीं चिन्हें बसलेलीं होतीं. त्यांस धक्का लागूं नये म्हणून देवनागरीस तेथून हलवून दुसरीकडे बसविणारी एक पोटसंहिता केलेली होती. आम्हीं लाविलेलें कोष्टक एका संहितेचें आणि फायली दुसऱ्या संहितेच्या. ह्यावर उपाय कारागिरानेंच सुचविला, आणि तो इतका साधा होता कीं आमचें हंसें झालें. तो म्हणाला, यंत्रालाच विचारा. मग आम्ही त्या दुरुस्त यंत्रापुढें बसलों, आणि पहिलीच्या मुलाप्रमाणें अ, आ, इ, ई पासून ज्ञ पर्यंत सर्व अक्षरें, मग साऱ्या मात्रा, मग 'दऱ्या', 'सुऱ्या' ह्यांतला तो खास मराठी रकार, असें क्रमानें टंकून एका फायलींत ठेवलें. त्या फायलींत कोणते अंक पडले तें पाहिलें, कीं कोष्टक तयार. मामांचा संगणक हाच मामांच्या मजकुराचा कोश ठरला, आणि कळफलकावांचून तो कोश उघडला नसता.

मोडी वाचणाऱ्यांस ह्या प्रकाराचें नवल वाटणार नाहीं. राजवाडे गांवोगांव हिंडून दप्तरें गोळा करीत, तेव्हां दप्तर मिळणें ही अर्धीच लढाई असे. सरदेसायांनीं पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड काढले ते मोडी लिपि जाणणारे साहाय्यक हाताशीं होते म्हणून. पण एक फरक आहे, आणि तो आम्हांस अस्वस्थ करतो. मोडीचा दोनशें वर्षांचा कागद आजही उलगडून ठेवला तर डोळ्यांस कांहीं तरी दिसतें; शिकलेला मनुष्य तो वाचूं शकतो, आणि वाळवी लागली तरी उरलेला तुकडा उरतो. १९९३ च्या फायलीचें तसें नाहीं. तिची चकती, पाटी, कळा आणि संहिता ह्यांतलें एक जरी नाहींसें झालें तरी सारेंच नाहींसें. महाराष्ट्रांतील किती कचेऱ्या, पतपेढ्या, साप्ताहिकें व छापखाने ह्यांचीं १९८५ ते २००५ ह्या वीस वर्षांचीं दप्तरें अशा अवस्थेंत असतील! कागदास निदान रद्दीवाला तरी वाचून विकत घेई.

फायली एकशें चाळिसांवर निघाल्या. कुळवृत्तान्त सांपडला, तो अपुरा आहे. पांच पिढ्या नीट लिहिल्या आहेत, आणि सहावींत मामांचे स्वतःचे बंधु येतात तेथें मजकूर तुटतो. बाकीच्या फायलींची आम्हांस कल्पना नव्हती. त्यांतील चाळीसाहून अधिक १९९३ च्या ऑक्टोबरांतील व त्यानंतरच्या महिन्यांतील आहेत. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपति बोळवून लोक निजले असतां, किल्लारी, सास्तूर व भोंवतालचीं गांवें कोसळलीं. त्या भागांतून उठून जे ढोकीस सोयऱ्यांकडे आले, त्यांचे ते अर्ज होते, जिल्हाधिकाऱ्यांस, तहसीलदारांस. पहिला अर्ज मामांनीं ओळीनें लिहिला आहे. पुढच्यांत नांव, गांव व अंक बदलले आहेत, आणि प्रास्ताविक तेंच आहे. टंकयंत्रावर प्रत्येक अर्ज पहिल्यापासून बडवावा लागला असता, तो वेळ येथें वांचला. परंतु प्रत्येक अर्जाच्या मध्यें दोन-चार ओळी अशा आहेत, ज्या दुसऱ्या कोणत्याही अर्जांत नाहींत. एकांत गेलेल्या माणसांच्या आधीं बैलजोडीचें नांव लिहिलें आहे, बैलांचीं नांवें धरून. एकांत शिधापत्रिका ढिगाऱ्याखालीं राहिल्याचें सांगून, तीवर किती माणसें होतीं व आतां किती, एवढेंच लिहिलें आहे. ह्या ओळी सांगणाऱ्याच्या तोंडच्या आहेत हें उघड दिसतें. मामांनीं त्यांतलें व्याकरणही सुधारलें नाहीं, आणि एरवीं ते शुद्धलेखनाविषयीं कमालीचे कडक होते. त्यावेळीं त्यांस नवी मांडणी येऊन जेमतेम वर्ष झालें होतें. कांहीं अर्जांत घाईनें वेलांटी आधींच्या अक्षरास जाऊन चिकटली आहे. जुनी बोटें मध्येंच जुन्या वाटेनें गेलीं.

हे अर्ज छापावे, असें एका संपादक मित्रानें सुचविलें. आम्हीं नाकारलें. तीं नांवें ज्यांचीं, तीं माणसें किंवा त्यांचीं मुलें ह्याच जिल्ह्यांत आहेत. त्यांनीं तें कचेरीस सांगितलें होतें, वाचकांस नव्हे. मामेभाऊ व आम्ही मिळून सर्व अर्ज युनिकोडांत उतरवून कागदावर काढले, आणि ज्यांचीं घरें ढोकींतल्या सोयऱ्यांकडून कळलीं त्यांस प्रती नेऊन दिल्या. आठ घरें झालीं. सातव्या घरीं एका बाईनें प्रत वाचली, घडी घातली, आणि ज्या डब्यांत घराचा सात-बारा होता त्यांत ती ठेवून दिली. उरलेल्या प्रती मामेभावाच्या कपाटांत आहेत. नव्या पुनर्वसित गांवांचीं नांवें व जुनीं नांवें जुळविण्याचें काम चालू आहे. फायलींपैकीं दोन अद्याप उघडत नाहींत. चकतीचा तेवढा भाग बिघडलेला आहे. संगणक परत ढोकीस, नव्या घरांत नेऊन ठेवला, आणि मामींनीं त्यावर कापड घातलें.